कप्प्याची रुंदी कोणी ठरवायची?

मराठी घर न्यू जर्सीत असो, दुबईत असो की लंडनच्या एखाद्या उपनगरात, त्याच्या स्वयंपाकघरात बहुधा एक कोष्टक टांगलेलं असतं: कालनिर्णय. त्यात प्रत्येक दिवसाला मोजून मापून एक कप्पा. एखाद्या दिवशी नुसती तिथी आणि नक्षत्र असतं, तर एखाद्या दिवशी एकादशी, कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी आणि शिवाय सुट्टी असं सगळं एकदम येतं. तरी कप्पा काही वाढत नाही. मजकूर वाढला की अक्षर बारीक होतं. कागदाचा हा नियम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो नियम आहे हेही आपल्या लक्षात येत नाही.

वेबपानावरच्या कोष्टकाचा मूळ नियम याच्या बरोबर उलट होता. तिथे अक्षराचं माप आधी येई आणि कप्पा त्याप्रमाणे मागेपुढे सरके. त्यातही, पान लिहिणाऱ्याने अक्षर केवढं असावं असं म्हटलं, तरी शेवटचा शब्द वाचणाऱ्याच्या संगणकाचा. ही मोकळीक मांडणी करणाऱ्यांना सहन झाली नाही. १९९५पासून पुढची जवळजवळ दहा वर्षं त्यांनी कप्प्याला खिळे ठोकून जागच्या जागी बसवण्यात घालवली. पुढची दहा वर्षं ते खिळे उपटण्यात गेली. जुनी वेबपानं हेच माझ्या संशोधनाचं साहित्य असल्यामुळे या खटाटोपाच्या खुणा मला रोज दिसतात. दिसायला हा पिक्सेलांचा हिशेब आहे. पण लिहिणारा, ब्राउझर आणि वाचणारा या तिघांमध्ये कोणी कुणासाठी किती सरकायचं, हा त्याच्या तळाशी असलेला प्रश्न आहे. आणि आपण परदेशातून मराठीत जे काही वेबवर ठेवतो, त्याच्या आयुष्याशीही त्याचा संबंध आहे.

कोष्टकाविना वेब

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभी केली, तेव्हा तिच्या भाषेत, म्हणजे एचटीएमएलमध्ये, कोष्टक नव्हतं. शीर्षकं होती, परिच्छेद होते, याद्या होत्या, दुवे होते. आकड्यांचा तक्ता द्यायचाच असेल तर टंकलेखन यंत्राची युक्ती वापरावी लागे: सारख्या रुंदीची अक्षरं घ्यायची आणि मोजून स्पेस मारत रकाने जुळवायचे. भौतिकशास्त्रज्ञांची संस्था आणि तिच्या भाषेत कोष्टक नाही, हे विचित्र वाटतं खरं, पण दस्तऐवज एकमेकांना जोडणं ही तिथली पहिली गरज होती.

ब्रिस्टलमधल्या ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम करणारे डेव्ह रॅगेट यांनी १९९३ मध्ये ‘एचटीएमएल प्लस’ नावाचा मसुदा मांडला. त्यात कोष्टकं होती. मानकांची समिती यावर चर्चा करत असतानाच १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरच्या १.१ आवृत्तीत कोष्टकं आणून मोकळी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एचटीएमएल २.० हे अधिकृत मानक प्रसिद्ध झालं आणि त्यात कोष्टक नव्हतंच. म्हणजे लोक जे रोज वापरत होते, त्याला नियमच नव्हते. ते लिहून काढण्याचं काम रॅगेट यांनी केलं आणि मे १९९६ मध्ये ‘आरएफसी १९४२’ या क्रमांकाचा दस्तऐवज निघाला. त्याच्यावर ‘प्रायोगिक’ असा शिक्का आहे. कप्प्याची रुंदी कशी काढायची याची रीत त्यात दिली आहे, आणि ती इतकी समंजस आहे की जरा थांबून पाहण्यासारखी आहे.

रॅगेट यांची पंगत

आपल्याकडे पंगतीत वाढपी आधी प्रत्येकाच्या पानात वरण-भात वाढतो. एवढं सगळ्यांना मिळालंच पाहिजे. मग जिलबी येते आणि ती ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणे वाढली जाते. रॅगेट यांची रीत जवळपास हीच आहे.

ब्राउझर प्रत्येक रकान्यासाठी दोन आकडे काढतो. पहिला, कमीत कमी रुंदी: त्या रकान्यातला सगळ्यात लांब, न तुटणारा शब्द किंवा सगळ्यात रुंद चित्र मावायला किती जागा लागेल? दुसरा, जास्तीत जास्त रुंदी: कुठेही ओळ न मोडता सगळा मजकूर सलग लिहिला, तर किती जागा लागेल? आता पडद्यावर जागा किती आहे ते पाहायचं. कमीत कमी रुंदीचीच बेरीज जागेपेक्षा जास्त असेल, तर प्रत्येकाला कमीत कमी द्यायचं. कोष्टक पडद्याबाहेर जाईल, त्याला इलाज नाही. जास्तीत जास्त रुंदीची बेरीज जागेत मावत असेल, तर प्रश्नच मिटला. आणि दोन्हींच्या मधली परिस्थिती असेल, जी बहुतेक वेळा असते, तर आधी प्रत्येकाला कमीत कमी देऊन उरलेली जागा भुकेच्या प्रमाणात वाटायची. रकान्याची भूक म्हणजे त्याच्या जास्तीत जास्त आणि कमीत कमी रुंदीतला फरक.

उदाहरण घेऊ. जागा आहे ६०० पिक्सेल. तीन रकाने आहेत, प्रत्येकाची कमीत कमी रुंदी १००. जास्तीत जास्त रुंदी अनुक्रमे १९०, ३७० आणि ६४०. आधी तिघांना शंभर-शंभर दिले, ३०० उरले. तिघांची भूक ९०, २७० आणि ५४०, एकूण ९००. उरलेली जागा एकूण भुकेच्या एक तृतीयांश आहे, म्हणून प्रत्येकाला आपल्या भुकेच्या एक तृतीयांश मिळेल: ३०, ९० आणि १८०. रुंदी ठरली १३०, १९० आणि २८०. बेरीज बरोबर ६००.

यातला महत्त्वाचा भाग असा की हे सगळे आकडे वाचणाऱ्याच्या संगणकावर काढले जातात. त्याने अक्षर मोठं केलं की कमीत कमी रुंदी बदलते. त्याने खिडकी अरुंद केली की वाटायची जागा बदलते. लेखकाला आपल्या सूचना देता येतात, अमुक रकाना तमुकच्या दुप्पट असावा असंही सांगता येतं. पण सूचना म्हणजे हुकूम नव्हे. १९९७ च्या जानेवारीत आलेल्या एचटीएमएल ३.२ मानकातही कप्प्याची रुंदी आणि उंची ‘सुचवलेली’ आहे, असाच शब्द आहे. उंचीच्या बाबतीत तर कोष्टकाचा कप्पा आणखी उदार. लिहिलेली उंची ही त्याच्यासाठी किमान उंची असते. मजकूर जास्त झाला तर तो वाढतो, मजकूर कापत नाही.

एका पिक्सेलचा खिळा

पण १९९६ च्या सुमारास वेबवर जी नवी मंडळी आली, ती मासिकांतून, जाहिरातींतून आणि पुस्तकांच्या मांडणीतून आलेली होती. त्यांची नजर कागदाची. मजकूर डावीकडून दोन इंच, चित्राशेजारी अर्धा इंच मोकळी जागा, असं सांगायची त्यांना सवय होती, आणि एचटीएमएलमध्ये हे सांगायला सोयच नव्हती. सीएसएस हे मांडणीचं वेगळं मानक डिसेंबर १९९६ मध्ये आलं खरं, पण ब्राउझरांना ते नीट समजायला बरीच वर्षं लागायची होती. मग या मंडळींच्या लक्षात आलं की कोष्टकाची कड शून्य केली की रेषा गायब होतात, उरते ती फक्त अदृश्य जाळी. त्या जाळीत काहीही कुठेही बसवता येतं.

डेव्हिड सीगल यांचं १९९६ मधलं ‘क्रिएटिंग किलर वेब साइट्स’ हे पुस्तक या संप्रदायाची पोथी ठरलं. त्यातली सगळ्यात गाजलेली युक्ती म्हणजे एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र. हे जेमतेम ४३ बाइटचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र कप्प्यात ठेवायचं आणि ब्राउझरला सांगायचं की याची रुंदी १२० समज. रॅगेट यांच्या रीतीप्रमाणे चित्राहून अरुंद रकाना करता येत नाही. म्हणजे कमीत कमी रुंदीचा नियमच वापरून ब्राउझरचे हात बांधले गेले. कप्पा १२० वर ठोकला गेला.

जुन्या छापखान्यातल्या जुळाऱ्याला ही युक्ती पाहून नवल वाटलं नसतं. शिशाचे खिळे जुळवताना मोकळ्या जागेतही काहीतरी घालावंच लागे, नाहीतर जुळणी सैल पडे. त्यासाठी अक्षरापेक्षा बुटके धातूचे तुकडे असत. ते शाईला लागत नसत, म्हणून कागदावर दिसत नसत. पण पानाची सगळी मांडणी त्यांनीच धरून ठेवलेली असे. पारदर्शक चित्र हा वेबवरचा तसाच बुटका तुकडा. फरक एवढाच की छापखान्यात एकदा जुळलेलं पान प्रत्येक वाचकाला तेच मिळायचं होतं. वेबवर प्रत्येक वाचकाचा कागद वेगळा.

पुढे या युक्तीची कारखानदारी झाली. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत रिकाम्या कप्प्याला पार्श्वभूमीचा रंगच चढत नसे, म्हणून प्रत्येक रिकाम्या कप्प्यात ते चित्र किंवा न तुटणारी स्पेस भरणं आलं. कोष्टकाच्या कप्प्यात कोष्टक, त्याच्या कप्प्यात आणखी एक कोष्टक, असे थर साचले. १९९७ मध्ये ड्रीमवीव्हर आणि १९९८ मध्ये फायरवर्क्स व इमेजरेडी आले. आता पानाचं चित्र काढायचं, त्याचे सुरीने वड्या पाडाव्यात तसे तुकडे पाडायचे, आणि त्या वड्या बसवायला लागणारं कोष्टक सॉफ्टवेअरच लिहून देणार. एखाद्या साध्या पानामागेही शेकडो कप्पे असत आणि त्यातल्या बहुतेकांत काहीच नसे.

याची एक किंमत लगेच दिसली. कप्प्यांची रुंदी ठरायला सगळा मजकूर हाती यावा लागे, त्यामुळे सगळं पान एका मोठ्या कोष्टकात असलं की शेवटचा कप्पा उतरेपर्यंत पडदा कोरा राही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगममार्फत सुरू झालं, ते टेलिफोनच्या तारेवरून. तिथे मिनिटाचा हिशेब होता. कोऱ्या पडद्याकडे पाहत बसण्याचेही पैसे पडत.

सीगल यांनी स्वतः १९९७ मध्ये एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा आशय असा, की वेब बिघडली आहे आणि ती मी बिघडवली आहे. मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवायला हवी, हे त्यांनी त्यात मान्य केलं. तोवर त्यांच्या पोथीचे वाचक जगभर पसरले होते.

मराठी शब्दाला जागा किती?

या जाळीत मराठी कशी बसत होती? मुळात मराठी अक्षरं पडद्यावर आणणं हीच तेव्हा लढाई होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती, पण ती नीट जोडाक्षरांसह दाखवण्याची सोय विंडोजमध्ये २००० साली आली. तोपर्यंत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट वापरले जात. पानाबरोबरच फॉन्ट पाठवण्याच्या रीती नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनी काढल्या, पण एकाची रीत दुसऱ्याला चालत नसे. ज्यांना हा व्याप नको होता ते सरळ मजकुराचं चित्र करून कप्प्यात ठेवत.

अशा फॉन्टमध्ये ब्राउझरला मराठी शब्द दिसतच नसे. त्याला इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची एक निरर्थक रांग दिसे. रॅगेट यांची रीत ‘न तुटणारा शब्द’ या कल्पनेवर उभी आहे. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेच ब्राउझरला कळत नसेल, तर कमीत कमी रुंदीचा आकडा चुकणार. जोडाक्षराचा एखादा तुकडा संयोगचिन्हाच्या जागी बसवलेला असेल, तर ओळ शब्दाच्या पोटातच मोडण्याचा धोका. म्हणून मराठी पानं करणाऱ्यांना ठोकलेल्या रुंदीचा मोह इतरांपेक्षा जास्त होता, आणि त्याला सबळ कारणही होतं.

युनिकोड आल्यावर शब्द सापडले, पण मग आपल्या भाषेचा स्वभाव आड आला. इंग्रजीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं सुटी राहतात. मराठीत ती शब्दाला चिकटतात. ‘महानगरपालिकेच्यासुद्धा’ हा ब्राउझरच्या लेखी एकच न तुटणारा शब्द. इंग्रजी पानाचा ८० पिक्सेलचा डावा रकाना घेऊन त्यात ‘मुखपृष्ठ’, ‘आमच्याविषयी’, ‘वर्गणीदारांसाठी’ असे शब्द भरले की रकाना फुगणार आणि शेजारचा मजकूर चिणला जाणार. रॅगेट यांच्या रीतीत हे फुगणं हा दोष नव्हताच. शब्दाला जेवढी जागा हवी तेवढी देणं हेच तिचं काम. इंग्रजी शब्दांच्या मापाने आधीच आखलेल्या जाळीत मात्र तो दोष ठरला.

किंमत कोणी मोजली

ठोकलेल्या कप्प्यांची सगळ्यात मोठी किंमत डोळ्यांनी न वाचणाऱ्यांनी मोजली. अंध वाचकांची सॉफ्टवेअरं पान वाचून दाखवतात किंवा ब्रेल पट्टीवर उमटवतात. त्या काळातली बरीचशी सॉफ्टवेअरं पडद्यावरची ओळ डावीकडून उजवीकडे सलग वाचत. शेजारी-शेजारी दोन रकाने असले की पहिल्याची एक ओळ, मग दुसऱ्याची एक ओळ, पुन्हा पहिल्याची, असा काला होई. दोन लेख एकाच वेळी कानावर पडत आणि दोन्ही कळत नसत. कप्प्याकप्प्याने वाचणारी सॉफ्टवेअरं आली, तरी मुख्य मजकुराशी पोचण्याआधी रिकाम्या कप्प्यांचं आणि अदृश्य चित्रांचं जंगल तुडवावं लागे.

हा धोका कुणाच्या लक्षात आला नव्हता असं नाही. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मानकातच बजावलं होतं की निव्वळ मांडणीसाठी कोष्टकं वापरू नका, डोळ्यांव्यतिरिक्त अन्य माध्यमांत अडचण होते. मे १९९९ मध्ये वेब सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांनी जरा व्यवहारी कसोटी दिली: कोष्टक सरळ ओळीत उलगडून वाचल्यावर अर्थ लागत नसेल, तर ते मांडणीसाठी वापरू नका.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस मॅग्वायर यांनी तिथल्या मानवी हक्क आणि समान संधी आयोगाकडे तक्रार केली. मॅग्वायर जन्मांध, ब्रेल पट्टीवर वाचणारे. सिडनी ऑलिंपिकचं संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुद्दे तीन होते: चित्रांना पर्यायी मजकूर नाही, खेळांच्या यादीपर्यंत पोचता येत नाही, आणि निकालांची कोष्टकं उलगडत नाहीत. आयोजन समितीने खर्चाचं आणि वेळेचं कारण पुढे केलं. आयोगाने ते फेटाळलं. २४ ऑगस्ट २००० च्या निकालात १९९२ च्या अपंगत्वविषयक भेदभावविरोधी कायद्याखाली हा भेदभाव ठरवला गेला आणि स्पर्धा सुरू होण्याच्या तारखेपर्यंत दुरुस्तीचा आदेश निघाला. दुरुस्ती पुरती झाली नाही. नोव्हेंबरमध्ये समितीला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.

या खटल्यातली एक गोष्ट विसरली जाते. निकालांचं कोष्टक हे खरंखुरं कोष्टक असतं: खेळाडू, देश, वेळ, क्रमांक. तिथे कोष्टक वापरणं योग्यच होतं. प्रश्न होता तो कुठला आकडा कुठल्या मथळ्याखालचा हे बोटांना कळण्याचा. मांडणीसाठी कोष्टकांचा इतका सुळसुळाट झाला होता की वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला खरं कोष्टक कोणतं आणि नुसती जाळी कोणती, हे ओळखणंच कठीण झालं होतं.

बंड आणि त्यातली फजिती

१९९८ मध्ये जेफ्री झेल्डमन आणि काही सहकाऱ्यांनी ‘वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट’ स्थापन करून ब्राउझर कंपन्यांच्या मागे मानकं पाळण्याचा लकडा लावला. फेब्रुवारी २००१ मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकाने कोष्टकं टाकून सीएसएसवर पान उभं केलं. २००२ मध्ये ‘वायर्ड’च्या बातम्यांचं संकेतस्थळ त्याच वाटेने गेलं. मे २००३ मध्ये डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केलं. तिथे मजकूर एकच, अक्षरही न बदलता. पण मांडणीची वेगवेगळी फाइल जोडली की पानाचं सगळं रूप पालटे. व्याख्यानांनी जे झालं नव्हतं ते या एका प्रात्यक्षिकाने झालं.

पण कोष्टक टाकल्यावर कळलं की ते फुकटात काय काय देत होतं. एका ओळीतल्या सगळ्या कप्प्यांची उंची आपोआप सारखी होते. सीएसएसच्या तरंगत्या चौकटींना हे जमेना. डावा रकाना आखूड, उजवा लांब, मधे रंगाची पट्टी अर्ध्यावर तुटलेली. जानेवारी २००४ मध्ये डॅन सीडरहोम यांनी यावर उपाय सुचवला: मागे रकान्यांच्या रंगांचं चित्र उभं पसरायचं, म्हणजे रकाने सारखे उंच असल्याचा भास होतो. नाव दिलं ‘खोटे रकाने’. कोष्टकातल्या खोट्या चित्रांविरुद्ध बंड करणाऱ्यांना खऱ्या रकान्यांसाठी पुन्हा खोट्या चित्रालाच शरण जावं लागलं. आणि तरंगत्या चौकटीला ठाम उंची दिली, की वाढलेला मजकूर चौकटीबाहेर सांडे किंवा कापला जाई. मराठीत वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार. ओळीला उंची जास्त लागते. कोष्टकाचा कप्पा निदान वाढत तरी होता.

याच काळातली आणखी एक गंमत आजही जिवंत आहे. नियमाप्रमाणे ओळीतलं चित्र अक्षरांच्या पायाच्या रेषेवर बसतं, आणि त्या रेषेखाली इंग्रजी जी, पी, वाय यांच्या शेपट्यांसाठी जागा राखलेली असते. ब्राउझर नियम काटेकोर पाळायला लागले आणि एका पिक्सेलचं चित्र ठेवलेला एका पिक्सेल उंचीचा कप्पा एकदम एका ओळीइतका उंच झाला. वड्या पाडून रचलेल्या पानांत भेगा पडल्या. शेवटी २००२ मध्ये मोझिलाने ‘जवळजवळ मानक’ अशी एक तडजोडीची अवस्था काढली. तिचा मुख्य फरक कप्प्यातल्या चित्रांच्या उंचीपुरता. इतर ब्राउझरांनीही ती घेतली, आणि आजच्या एचटीएमएल मानकात ती ‘लिमिटेड-क्वर्क्स’ या नावाने नांदते आहे. जुन्या वाड्यात कशासाठी ठेवला हे कुणाला न आठवणारा कोनाडा असावा, तशी.

पुन्हा पंगतीकडे

ठोकलेल्या रुंदीचा खरा पराभव वादाने झाला नाही; खिशातल्या फोनने केला. ६०० पिक्सेलचं पान फोनवर एक तर मुंगीएवढं दिसे किंवा आडवं सरकवत वाचावं लागे. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीची कल्पना मांडली आणि मार्च २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत सीएसएस ग्रिड आली. ग्रिड म्हणजे ओळी आणि रकान्यांची जाळीच, पण मजकुराच्या अर्थाशी तिचा संबंध नाही. त्यामुळे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची फसगत होत नाही.

ग्रिडमध्ये रकान्याची रुंदी सांगायचे शब्द पाहिले की १९९६ आठवतं. मजकुराची कमीत कमी रुंदी, मजकुराची जास्तीत जास्त रुंदी, अमुकपेक्षा कमी नको आणि तमुकपेक्षा जास्त नको, आणि उरलेल्या जागेतला वाटा. शब्द नवे असले तरी आधी वरण-भात आणि मग जिलबी हा क्रम तोच आहे. मधल्या काळात रॅगेट यांची रीत मात्र पूर्णपणे बंधनकारक कधी झालीच नाही. २०११ च्या सीएसएस २.१ मानकातही ती ‘पाळावीच असं नाही’ या सदरात होती. क्रोमने कोष्टकं मांडणारा आपला जुना भाग २०२१ मध्ये नव्याने लिहिला. पंचवीस वर्षांनंतरही कप्प्याच्या रुंदीचा हिशेब संपलेला नव्हता.

एक कोपरा मात्र जुन्या काळातच राहिला: ईमेल. २००७ च्या आउटलुकने पत्र दाखवण्याचं काम ब्राउझरच्या यंत्रणेकडून काढून वर्डकडे दिलं. वर्डला कोष्टकं कळतात, नवं सीएसएस फारसं कळत नाही. म्हणून मंडळाचं गणेशोत्सवाचं रंगीत निमंत्रण आजही बहुधा सहाशे पिक्सेलच्या कोष्टकात, कप्प्यात कप्पा घालूनच आपल्यापर्यंत येतं.

काय उरलं

इंटरनेट अर्काइव्हची स्थापना १९९६ ची. जुनी पानं सर्वांना पाहता येणारं तिचं दालन २००१ मध्ये उघडलं. त्यात परदेशातल्या मराठी माणसांनी केलेली सुरुवातीची पानं चाळताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कोष्टक शाबूत आहे. डावा रकाना १२०, मधला ३६०, उजवा १२०, प्रत्येक माप जसंच्या तसं. आत मात्र एक तर फुटलेल्या चित्राची खूण आहे, कारण लेखाचं चित्र जतनच झालेलं नाही; किंवा इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंता आहे, कारण तो फॉन्ट आता कुणाकडे नाही. कुणाचा दिवाळी अंकातला लेख, कुणाच्या आईची आठवण, कुणाची पहिल्या हिवाळ्याची हकिगत त्या कप्प्यात होती. जतन झाली ती रुंदी. ज्यांनी त्या काळात साधा मजकूर ठेवला, मग तो रोमन लिपीतला का असेना, त्यांची पानं दिसायला ओबडधोबड असली तरी आज वाचता येतात.

तेव्हा ज्यांनी चित्रं केली, त्यांच्यापुढे दुसरा चांगला मार्ग नव्हता. आता आहे. तरीही मंडळांचे अंक आजही जाडजूड, पान ठोकलेल्या फाइली म्हणून निघतात. सणाचे संदेश चित्रांत लिहिले जातात. नाशिकला किंवा कोल्हापुरात सत्तरीतले आई-बाबा फोनवरचं अक्षर बोटांनी मोठं करू पाहतात, तेव्हा असा मजकूर त्यांच्यासाठी सरकत नाही. ओळीचा अर्धा भाग पडद्याबाहेर जातो आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे ओढावं लागतं. शोधयंत्राला तो सापडत नाही, वाचून दाखवणाऱ्या आवाजाला तो उच्चारता येत नाही. मजकूर खऱ्या अक्षरांत असला आणि त्याला मोकळं सोडलं, तर तो आईच्या फोनवर मोठा होऊन नव्याने ओळी मोडून घेतो आणि आपल्या नातवंडांच्या, आज कल्पनाही नसलेल्या पडद्यावरही घेईल. पुढचा अंक काढताना संपादक मंडळाने मुखपृष्ठाच्या रंगावर जेवढा वेळ घालवायचा, त्यातला थोडा या प्रश्नाला द्यावा.